हायपो

काचवाल्याने माशांच्या टाकीच्या कोपऱ्यांतून सिलिकॉनची पट्टी ओढून बोटाने सारखी केली, तेव्हा त्याच्या दुकानात व्हिनेगरसारखा आंबट वास पसरला. दाराशी स्टुलावर बसलेले आप्पा, माझे वडील, मान वर करून म्हणाले, "स्टॉप बाथचा वास आलाय बघ." त्यांचा फोटो स्टुडिओ बंद होऊन पंधरा वर्षे झाली आहेत, पण नाक चुकले नव्हते. या प्रकारचे सिलिकॉन वाळताना त्यातून ॲसेटिक ॲसिड बाहेर पडते, आणि डार्करूममध्ये चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरचे काम जागच्या जागी थांबवण्यासाठी फोटोचा ब्रोमाइड कागद ज्या दुसऱ्या ट्रेमध्ये बुडवायचा, त्या ट्रेमध्येही हेच ॲसिड पातळ करून ठेवलेले असते. तोपर्यंत आप्पा केवळ सोबत म्हणून आले होते. टाकीच्या कामात ते मनाने शिरले ते त्या वासापासून.

टाकीची गरज एका चुकीतून निर्माण झाली होती. आदल्या वर्षी लेकीच्या वाढदिवसाला मी दोन गोल्डफिश आणि काचेचे एक गोल भांडे आणले. दुकानदाराने सांगितले की एवढे भांडे पुष्कळ झाले, रोज पाणी बदला आणि चिमूटभर खाणे टाका. आम्ही ते मन लावून केले. रोज सकाळी मासे वाटीत काढायचे, भांडे घासायचे, नळाचे ताजे पाणी भरायचे आणि मासे पुन्हा आत सोडायचे. चौथ्या दिवसापासून दोघेही पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून राहू लागले. सातव्या दिवशी एकाच्या कल्ल्यांच्या कडा लालभडक दिसल्या, आणि नवव्या दिवशी सकाळी दोघेही गेलेले होते. लेकीने विचारले, "आपण रोज पाणी बदलत होतो ना, मग?" त्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते, आणि ते सापडल्याशिवाय पुन्हा मासा घरात आणायचा नाही, एवढे मी त्याच दिवशी ठरवले.

उत्तर सापडले ते मनाला लागणारे होते. मासा जे खातो, त्यातला नत्र अमोनियाच्या रूपाने मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो, आणि भांडे लहान असेल तर तो आपल्याच अमोनियात बुडून राहतो. गोल्डफिशला तर खरे जठरच नसते. खाल्लेले अन्न सरळ आतड्यात जाते, त्यामुळे तो दिवसभर खायला शोधतो आणि दिवसभर घाण करतो. नदी-तळ्यात हा अमोनिया साठत नाही, कारण दगडांवर, वाळूवर, पाणवनस्पतींवर राहणारे काही जिवाणू त्याचे आधी नायट्राइट करतात आणि दुसरे काही त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. अमोनिया कल्ले जाळतो. नायट्राइट रक्तात शिरून रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद काढून घेतो, त्यामुळे पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. नायट्रेट मात्र बेताच्या प्रमाणात माशाला सोसतो. सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९०च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखवले. आम्ही रोज भांडे घासून ते जिवाणू धरूच दिले नाहीत, आणि वर रोज नवे क्लोरीनयुक्त पाणी थेट त्या कल्ल्यांवर ओतत राहिलो. आमची स्वच्छताच त्या माशांच्या मुळावर आली होती.

म्हणून या वेळी क्रम उलटा धरला. आधी टाकी, मग पाणी, मग पाण्यातले जिवाणू आणि सगळ्यात शेवटी मासे. टाकीचे माप तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच असे ठरले. हे साडेचार घनफूट होतात आणि घनफुटाला २८.३ लिटर या हिशेबाने १२७ लिटर. वरचा एक इंच मोकळा ठेवला तर १२० लिटर. दोन फॅनटेल गोल्डफिशना एवढे पाणी हवेच, कारण दुकानात दोन बोटे लांब दिसणारा हा मासा नीट वाढला तर वितीएवढा होतो आणि दहा-पंधरा वर्षे सहज जगतो. ब्रिटनमधला टिश नावाचा एक गोल्डफिश १९९९ साली वारला, तेव्हा ४३ वर्षांचा होता. पाणी, काच आणि दगड मिळून वजन दीडशे किलोंच्या वर जाणार होते, त्यामुळे ओळखीच्या वेल्डरकडून लोखंडी स्टँड करून घेतला, गवंड्याच्या पाणसळीने तो सपाट असल्याची खात्री केली आणि काचेखाली थर्माकोलचा तुकडा घातला. तळाशी वाळू किंवा बारीक खडे घातले नाहीत; गोल्डफिश खडे तोंडात घेऊन चघळतो आणि नेमक्या मापाचा खडा त्याच्या घशात अडकतो. मुठीएवढे चार-पाच काळे दगड तेवढे ठेवले. आपल्याकडचा हा काळा पाषाण पाण्यात विरघळत नाही आणि पाण्याचा गुणही बदलत नाही.

क्लोरीनचा प्रश्न आला तेव्हा मी दुकानातून अँटी-क्लोरीनची बाटली आणली. आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवून तिच्यावरची बारीक अक्षरे वाचली. "सोडियम थायोसल्फेट. अरे, हा तर हायपो."

मी बघतच राहिलो. हायपो हा शब्द आमच्या घरात मीठ-साखरेइतका रुळलेला होता. मागच्या अंगाला, पूर्वी न्हाणीघर असलेल्या खोलीत आप्पांची डार्करूम होती, आणि तिच्यातल्या तिसऱ्या ट्रेमध्ये हायपो असे. ज्या चांदीच्या क्षाराला प्रकाश लागलेला नाही, तो क्षार हायपो विरघळवून काढतो, म्हणून फोटो उजेडात आणला तरी काळा पडत नाही. हायपोचा हा गुण जॉन हर्शेल याने १८१९ मध्येच, म्हणजे फोटोग्राफीचा शोध जगापुढे येण्याच्या वीस वर्षे आधी नोंदवला होता. ज्या आमच्या कोल्हापुरात १९२९ साली 'प्रभात' फिल्म कंपनीची स्थापना झाली आणि जिथे खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचाच मानस्तंभ उभा आहे, त्या गावात हायपो हा शब्द केवळ आमच्याच घरात नव्हता. कितीतरी घरांतल्या माणसांच्या बोटांना त्याचा वास होता.

पण खरी गोष्ट पुढे आहे. फोटो टिकायचा असेल, तर काम झाल्यावर हायपोचा अंश त्यात उरता कामा नये, नाहीतर काही वर्षांनी फोटो पिवळा पडतो. म्हणून आप्पा फोटो तासभर वाहत्या पाण्यात धूत असत. न्हाणीघरातल्या दगडी हौदात नळ बारीक सोडलेला, पाण्यावर माणसांचे चेहरे संथपणे फिरताहेत आणि आप्पा मधूनच हात घालून एकमेकांना चिकटलेले कागद सोडवताहेत, हे माझ्या लहानपणाचे सगळ्यात स्पष्ट चित्र आहे. नळाच्या पाण्याने हायपो घालवण्यात त्यांचे आयुष्य गेले, आणि आता त्याच नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवायला हायपो लागणार होता.

त्यांनी बाटली बाजूला ठेवली आणि सांगितले की रसायनांच्या दुकानातून शुद्ध हायपोचे खडे आण, हे विकतचे रंगीत पाणी कशाला? एक ताकीदही दिली. डार्करूमसाठी तयार मिळणाऱ्या फिक्सरमध्ये ॲसिड आणि तुरटीसारखे पदार्थ मिसळलेले असतात, त्यामुळे जुन्या डब्यातले काही टाकीत घालायचे नाही. मग माळ्यावरून लाकडी पेटी खाली आली. तिच्यात पितळी तराजू, चिमटा आणि वजने जशीच्या तशी होती; सगळ्यात लहान वजन ५० मिलिग्रॅमचे, पत्र्याच्या चौकोनी तुकड्याचे. डेव्हलपरसाठी मेटॉल आणि हायड्रोक्विनोन मोजणारा तो तराजू आप्पांनी मऊ फडक्याने पुसला, पारडी रिकामी असताना काटा मध्यावर येतो का ते पाहिले आणि १२० लिटर पाण्यासाठी एक ग्रॅम हायपो तोलला. बादल्यांनी टाकी भरली, हायपो पेल्यात विरघळवून ओतला, आणि स्पंज फिल्टरमधून बुडबुडे वर येऊ लागले. तो डिसेंबरचा दुसरा आठवडा होता.

आता जिवाणूंना खाऊ घालायचे होते. मासे नाहीत तर अमोनिया बाहेरून द्यावा लागतो. काही जण माशांचे खाणे पाण्यात कुजू देतात. आम्ही अमोनियम क्लोराइड वापरले. हे नाव ऐकून आई म्हणाली, "म्हणजे कल्हईवाल्याचा नवसागर की." नवसागरच तो, पण बाजारच्या नवसागरात काय काय मिसळलेले असेल याचा भरवसा नसल्याने आम्ही प्रयोगशाळेच्या दर्जाचा आणला. १२० लिटर पाण्यात लिटरमागे दोन मिलिग्रॅम अमोनिया व्हावा यासाठी पाऊण ग्रॅम पुरतो, आणि पाऊण ग्रॅम म्हणजे ५००, २०० आणि ५० ही तीन वजने. अमोनिया संपत आला की पुन्हा तेवढाच द्यायचा.

यानंतरचे दिवस मी कधी विसरणार नाही, जरी त्या दिवसांत डोळ्यांना दिसेल असे काहीच घडत नव्हते. पुढच्या खोलीत निवळशंख पाण्याने भरलेली टाकी, त्यात चार काळे दगड आणि बुडबुड्यांचा आवाज. घरी येणारा प्रत्येक माणूस वाकून बघायचा आणि विचारायचा, "मासे कुठायत?" लेक रोज शाळेतून आल्यावर दप्तर खाली टाकण्याआधी विचारायची, "आजोबा, झालं का?" आणि आप्पा तिला बोलावून तपासणी दाखवायचे.

ही तपासणी त्यांनी स्वतःकडे घेतली होती. काचेच्या लहान नळीत टाकीचे पाच मिलिलिटर पाणी घ्यायचे, त्यात ठरलेले थेंब टाकायचे, पाच मिनिटे थांबायचे आणि नळीतला रंग छापील पट्टीवरच्या रंगांशी ताडून बघायचा. अमोनिया नसेल तर पाणी पिवळे राहते, असेल तर हिरव्याकडे झुकते. नायट्राइट नसेल तर फिकट निळे, असेल तर जांभळे. मी ट्यूबलाइटखाली बघून "झिरो पॉइंट पाच असेल" असे म्हणालो की आप्पा नळी माझ्या हातातून घेत, उत्तरेच्या खिडकीशी जात, पट्टीपासून अर्ध्या बोटाच्या अंतरावर नळी धरत आणि डोळे बारीक करून म्हणत, "पाव आणि अर्धा यांच्या मधी हाय." ज्या माणसाने चाळीस वर्षे लाल दिव्याच्या उजेडात कागदावरचा करडा रंग पुरेसा गडद झाला की नाही हे ठरवले, त्याच्या नजरेपुढे माझा अंदाज टिकणार नव्हता. आकडा ते वहीत लिहीत. वहीही जुनीच होती, अर्धी भरलेली. आधीच्या पानांवर निगेटिव्हचे नंबर आणि किती सेकंद उजेड दिला त्याच्या नोंदी, आणि एक कोरे पान सोडून त्यांनी सुरू केलेले नवे रकाने: तारीख, अमोनिया, नायट्राइट, तापमान, आणि शेवटी शेऱ्यासाठी मोकळी जागा.

अठरा दिवस काहीही हलले नाही. थंडी होती, पहाटे टाकीतले पाणी वीस अंशांच्या आसपास असे, आणि या जिवाणूंना पंचवीस ते तीस अंशांची ऊब मानवते. कुणाच्या जुन्या टाकीतला, जिवाणू धरलेला वापरता स्पंज मिळाला असता तर हा काळ बराच कमी झाला असता, पण तसे कुणी ओळखीचे नव्हते. एकोणिसाव्या दिवशी नळी पहिल्यांदा जांभळी झाली. आप्पांनी मला हाक मारली ती डार्करूमच्या दारातून मारत तशीच, दबक्या आवाजात, जणू दार उघडले तर उजेड आत येईल. कुणालाही न दिसणारे काहीतरी पाण्यात जगू लागले होते.

आणि सव्विसाव्या दिवशी ते मी जवळजवळ संपवले. रविवार होता, स्पंजवर तपकिरी बुळबुळीत थर दिसला, तो मळ वाटला, आणि मी स्पंज काढून नळाखाली खसाखसा चोळून धुतला. मी तो पिळत असतानाच आप्पा दारात येऊन उभे राहिले. ते रागावले नाहीत. "तेच तर वाढवालोय न्हवं आपण," एवढेच म्हणाले. गोल भांड्याच्या वेळची चूक मी पुन्हा, सगळे ठाऊक असताना, हाताच्या सवयीने केली होती. स्पंज धुवायचाच असेल तर टाकीतून काढलेल्या पाण्यात हलका पिळायचा असतो, आणि तोही पाण्याची वाट बंद होऊ लागल्यावर. पुढचे आठ दिवस अमोनियाची नळी पुन्हा हिरवी राहिली. वहीत त्या तारखेपुढे आप्पांनी 'स्पंज धुतला' असे लिहिले आहे. कोणी धुतला ते लिहिलेले नाही.

या वाट पाहण्याच्या काळात पुढच्या अडचणींचा विचार करून ठेवला. कोल्हापुरात टाकी ठेवायची तर पुराचा विचार टाळून चालत नाही. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पंचगंगेच्या पुरात उपसा केंद्रे पाण्याखाली गेली आणि चहूकडे पाणी असताना शहरातले नळ कोरडे पडले. आता काळम्मावाडी धरणावरून थेट पाईपलाईन आली आहे, तरी दोनशे लिटरचा एक बंद ड्रम हायपो घातलेल्या पाण्याने भरून मागच्या दारी ठेवला आहे. लाईट जाते तेव्हासाठी बॅटरीवर चालणारा एअर पंप घेतला. उन्हाळ्यात त्याची गरज जास्त, कारण पाणी तापले की प्राणवायू कमी धरते; वीस अंशांना लिटरमागे नऊ मिलिग्रॅम मावतो, तर तीस अंशांना साडेसात. गोल्डफिश थंड पाण्याचा मासा आहे, त्याला हीटर लागत नाही, एप्रिल-मेमध्ये सावली मात्र लागते.

नायट्रेटचे काय करायचे, हाही प्रश्न होता. त्याला टाकीत पुढे वाट नाही, तो साठत राहतो, म्हणून आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी काढून तेवढेच नवे घालायचे. काढलेले पाणी आमच्या जास्वंदीला आणि कढीपत्त्याला जाते आणि दोन्ही झाडे त्यावर खूश आहेत. रंकाळ्यावर फिरायला जाताना आता मी त्या तळ्याकडे वेगळ्या नजरेने बघतो. जलपर्णीने झाकलेला आणि शेवाळाने हिरवागार झालेला रंकाळा माझ्या पिढीने पाहिला आहे. त्यात मिसळणाऱ्या सांडपाण्यातून हेच नत्र आणि त्याच्या जोडीने स्फुरद तळ्यात साठत गेले, आणि तळ्याचे पाणी बादलीने बदलता येत नाही. टाकीतला मासा नकोसा झाला म्हणून कुणी तो रंकाळ्यात नेऊन सोडतो, तेव्हा मला फार वाईट वाटते. परका मासा तळ्यातल्या मूळच्या माशांचे खाणे आणि जागा बळकावतो, आणि सोबत आपले रोगही घेऊन जातो.

बावन्नाव्या दिवशी, आदल्या संध्याकाळी दिलेला सगळा अमोनिया चोवीस तासांत संपलेला होता आणि नायट्राइटही शून्य होते. आप्पांनी लगेच होकार दिला नाही. आणखी तीन दिवस तोच प्रयोग करून तोच निकाल आला, तेव्हा त्यांनी तराजू पेटीत ठेवला. आम्ही तीन-चतुर्थांश पाणी बदलून साठलेले नायट्रेट उतरवले आणि दुसऱ्या दिवशी, फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, दोन फॅनटेल घेऊन आलो. पिशवी वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवली, मग पेल्यापेल्याने टाकीचे पाणी तिच्यात घातले आणि शेवटी मासे ओंजळीने उचलून सोडले, पिशवीतले पाणी मात्र बाहेरच ओतून टाकले.

एक मासा पूर्ण केशरी आहे. दुसऱ्याच्या पाठीवर अजून काळपट छटा आहे, आणि ती बहुधा जाईल, कारण गोल्डफिशची पिल्ले जन्मतः रानटी पूर्वजांसारखी करडी-काळपट असतात आणि सोनेरी रंग नंतर उमटत जातो. हजार वर्षांपूर्वी चीनमधल्या तळ्यांत लोकांनी मुद्दाम निवडून वाढवलेला रंग तो हाच. पुरेसा उजेड मिळाला नाही तर हा रंग फिका पडत जातो, असे मी आप्पांना सांगितले, तेव्हा ते बराच वेळ टाकीकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारले, रात्री जुना लाल दिवा लावून ठेवला तर माशांना त्रास होईल का? ब्रोमाइड कागदाला लाल रंग दिसत नाही, म्हणून तो दिवा चालायचा. गोल्डफिशचे तसे नाही. त्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी चार प्रकारच्या असतात, आपल्या तीन. त्याला लाल तर दिसतोच, शिवाय आपल्याला न दिसणारे अतिनील किरणही दिसतात. पापण्या नसल्याने डोळे मिटण्याचीही सोय नाही. "म्हणजे त्यांना पूर्ण अंधार पायजे," आप्पा म्हणाले, आणि नऊ वाजता त्यांनी स्वतः उठून पुढच्या खोलीतले दिवे बंद केले. आम्ही सगळे स्वयंपाकघरात बसून हळू आवाजात बोललो.

पहाटे मला जाग आली ती खिडकीचा पडदा सरकल्याच्या आवाजाने. आप्पा उत्तरेच्या खिडकीशी उभे होते, हातात नळी होती आणि बाहेर नुकते फटफटले होते. लेक त्यांच्या शेजारी स्टुलावर उभी राहून पट्टी धरत होती. त्यांनी पहिली नळी पाहिली, दुसरी पाहिली, दोन्ही स्टँडमध्ये ठेवल्या आणि वही उघडली. मी मागे जाऊन पाहिले. तारीख, मग अमोनिया ०, नायट्राइट ०, तापमान २२, आणि शेऱ्याच्या मोकळ्या जागेत, निगेटिव्हचे नंबर ज्या वळणदार अक्षरात ते लिहीत त्याच अक्षरात: मासे २, दोन्ही जागे.